बाकाकडे वळवलेला टीव्ही

काकूंकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका दोन गोष्टींसाठी लांबून यायच्या. एक म्हणजे त्यांनी कापलेला गळा. वाकलं तरी उघडा पडायचा नाही, मान वळवली तरी टोचायचा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काकूंना दिलेलं माप काकूंपाशीच राहायचं. इतर दुकानांत मास्तर टेप लावून खणखणीत आवाजात आकडे सांगतो, कोपऱ्यातला कारागीर तितक्याच खणखणीत आवाजात ते परत म्हणतो आणि थांबलेल्या सगळ्यांना तुमच्या कमरेची बातमी कळते. काकूंच्या पुढच्या खोलीत पडदा होता, पडद्यामागे उभा आरसा होता आणि आरशाशेजारी स्टुलावर त्यांची थोरली नणंद पेन्सिल घेऊन बसलेली असायची. काकू टेप लावायच्या, ओठ हलवल्यासारखं करायच्या, वन्सं "हं" म्हणायच्या. बाहेर बाकावर बसलेलीला काही म्हणता काही कळायचं नाही.

ही सभ्यता आली कुठून, हे मात्र काकू कुणाला सांगत नसत. त्यांचा नवरा एका गोदामावर रात्रपाळीचा रखवालदार होता. दिवसभर पलीकडच्या खोलीत झोपायचा आणि मधली भिंत प्लायवूडची. झोपमोड झाली की उरलेला दिवस घर डोक्यावर घ्यायचा. त्याच्या धाकानं नणंद-भावजय कुजबुजायला शिकल्या. पुढे तो निवृत्त झाला, मग वारलाही, पण कुजबुज अंगवळणी पडली होती, ती राहिली. गिऱ्हाईक म्हणू लागलं, "काकूंकडे कसं, बाईची अब्रू राखतात." काकू नुसत्या हसायच्या. आयतं मिळालेलं कौतुक कोण परत करतं?

मग वन्संही गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात स्टूल रिकामं झालं. काकूंच्या डोळ्यांनी तोवर जवळच्या अक्षरांशी फारकत घेतली होती. टेप बोटांना पाठ होता, मशीन पायांना पाठ होतं, पण स्वतःच्या हातानं लिहिलेलं स्वतःला लागेना. आईच्या बाह्या लेकीला आणि लेकीच्या आईला, असा घोळ दोनदा झाला. दुसऱ्यांदा झाला तेव्हा काकूंनी फोनवर मुलाला सांगितलं, "मी आता बंद करते रे हे सगळं."

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. तो पुढच्या सुट्टीत आला तो एक भलंमोठं खोकं घेऊनच. खोक्यातून निघाला टीव्ही. पण भिंतीवर टांगायचा नव्हे. खाली चाकांचा गोल पाय, वर एक दांडा, दांड्यावर पडदा. आत बॅटरी, त्यामुळे वायरीचं लोढणं नाही. ढकलला की स्वयंपाकघरात, ढकलला की मशीनजवळ. पडदा खाली वर होतो, वळतो, आडवाही होतो.

"आणि रिमोट शोधायचा नाही, आई. तोंडानं सांगायचं. आधी म्हणायचं, ऐक बाई."

"बाई कोण?"

"टीव्ही. तुला सोपं जावं म्हणून मी तेच नाव दिलंय."

"जन्मात हाताखाली कुणी बाई मिळाली नाही, आता टीव्ही मिळाली," काकू म्हणाल्या. पण चेहरा खुलला होता.

मुलानं सगळं बसवून दिलं. मापं सांगायची रीत तर त्यानं खास काकूंसाठी शोधून काढली होती. "ऐक बाई, लिहून घे," म्हणायचं, गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं आणि मग एकेक माप. टीव्ही ते पडद्यावर लिहिणार आणि चूक राहू नये म्हणून वाचूनही दाखवणार. अक्षरं त्यानं एवढी मोठी ठेवली की काकूंना मशीनवरून चष्म्याशिवाय दिसावीत.

काकूंनी करून पाहिलं. टीव्ही गप्प.

"कुजबुजू नकोस ना," मुलगा म्हणाला. "आत्या आहे का ती, ओठ बघून ओळखायला? मोठ्यानं, नीट, एकेक शब्द."

काकूंनी आवाज चढवला. टीव्हीनं लगेच लिहून घेतलं.

पुढचे काही महिने काकूंचे फार बरे गेले. सकाळी भाजी निवडताना बातम्या, दुपारी काज करताना जुनी गाणी. हात कापडात गुंतलेले असले तरी "आवाज कमी कर" म्हटलं की कमी. एकट्या घरात कुणीतरी आपलं ऐकतंय, याचंच त्यांना अप्रूप होतं. बाकावरच्या बायकाही सरावल्या. गप्पांच्या ओघात एखादी दुसरीला म्हणायची, "अगं, ऐक बाई, आमच्या जावेनं काय केलं," की टीव्हीतली बाई मध्येच म्हणायची, "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" सगळ्या हसून लोटपोट.

माप घेताना मात्र काकू टीव्ही पडद्याच्या आत ओढून घ्यायच्या, तोंड आरशाकडे करून. आवाज चढलेला असायचाच, पण बाहेर बहुधा एखादीच बसलेली असायची. आपलं बोलणं आता पडद्याबाहेर जातं, हे काकूंना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण घोळ थांबला होता, कपडे वेळेवर जात होते. कुणी तक्रारही केली नव्हती.

बेकरीवालीची मुलगी आली ती शनिवारी दुपारी, आईबरोबर. बेकरी कोपऱ्यावरच होती. मुलगी बारावीला, अंगानं भरलेली, खांदे पुढे ओढून चालणारी. कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात तिला एकटीनं गायचं होतं. त्यासाठी गडद निळं कापड आणलं होतं.

"फार मागे लागून तयार केलंय हो तिला," बेकरीवाली पडद्याशी उभी राहून हळूच म्हणाली. "गाते चांगली, पण स्टेजवर जायचं म्हटलं की नको म्हणते. सगळे बघतात म्हणते. म्हटलं, ड्रेस काकूंकडे शिवू, मग कुणी काय बघायचं ते बघू दे."

"असा शिवते की आरशापुढून हलायची नाही," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी बाक भरलेला होता. पोस्टातली बाई होती, तिच्या दोन मैत्रिणी होत्या, कुणीतरी एक अनोळखी म्हातारी होती. मालिकेची वेळ झाली होती. पोस्टातली म्हणाली, "काकू, आज टीव्ही आत पळवू नका हं. आज तिचं बिंग फुटायचंय." मैत्रिणींना तर टीव्ही नवलाचाच होता. "खरंच बोललेलं ऐकतो का हो?" त्यांनी विचारलं. आणि काकूंना ते दाखवायची हौस आली. त्यांनी टीव्ही बाकाकडे वळवला, मालिका लावायला सांगितली, आवाज वाढव म्हणाल्या, कमी कर म्हणाल्या. टीव्हीनं सगळं ऐकलं. मैत्रिणी "अगं बाई" म्हणाल्या. त्या तोऱ्यातच काकू टेप गळ्यात घालून मुलीला घेऊन पडद्यामागे गेल्या. बेकरीवाली बाकाच्या टोकाला टेकली.

"ऐक बाई, लिहून घे. बेकरीची मुलगी."

बाहेरून टीव्हीचा गोड आवाज आला, "बेकरीची मुलगी. सांगा."

काकूंनी खांदा सांगितला. टीव्हीनं खांदा वाचून दाखवला. वन्संच्या "हं"सारखीच काकूंना आता त्या आवाजाची सवय झाली होती, तो कुठून येतोय इकडे लक्षच जायचं नाही. त्यांनी छाती सांगितली. मुलगी ताठरली.

"काकू," ती पुटपुटली.

"सरळ उभी राहा गं. पोक काढलंस की माप चुकतं."

काकूंनी कंबर सांगितली. टीव्हीनं कंबर वाचली. मुलीनं काकूंचं मनगट धरलं. काकूंना वाटलं, गुदगुल्या होताहेत. त्यांनी हात सोडवून घेतला, टेप खाली सरकवला आणि सीटचं माप सांगितलं, अगदी स्पष्ट, एकेक शब्द. तो आकडा इथे लिहायचं काही कारण नाही. बाकावरच्यांना कळला तेवढं पुरे.

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. मग पोस्टातलीचा आवाज आला, "बेकरी झकास चाललेली दिसते हो तुमची."

दोघी-तिघी हसल्या.

काकूंनी पडदा बाजूला केला. मालिका अर्ध्या पडद्यावर ढकलली गेली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर, चष्म्याशिवाय दिसतील एवढ्या अक्षरांत, मुलगी लिहिलेली होती. खांद्यापासून खाली, ओळीनं. बेकरीवाली उठून टीव्हीपुढे पाठ करून उभी होती. बारीक अंगाची बाई ती. तिच्या दोन्ही बाजूंनी आकडे दिसतच होते.

मुलगी काकूंच्या मागून बाहेर आली. तिनं टीव्ही पाहिला, बाक पाहिला. चपला तिनं घातल्या नाहीत, हातात घेतल्या आणि गेली.

इथे काकूंनी काय करायला हवं होतं? टीव्ही बंद करायचा, मुलीच्या मागे जायचं, निदान गप्प बसायचं. काकू म्हणाल्या, "काय झालं एवढं? मापं सगळ्यांनाच असतात."

वाक्य तोंडातून निघालं आणि बेकरीवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काकूंना बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, ओळख पटत नसल्यासारखी. मग तिनं निळं कापड उचलून पिशवीत घातलं. "येते," म्हणाली. पोस्टातली म्हणाली, "मी आपली गंमत केली हो." तोवर बेकरीवाली पायऱ्या उतरली होती.

रविवार काकूंनी घरात काढला. सोमवारी बेकरी उघडल्या उघडल्या गेल्या. गल्ल्यापुढे पाव घ्यायला माणसं उभी होती. काकू बाजूला थांबल्या, पुन्हा पुढे झाल्या, पुन्हा थांबल्या. बेकरीवालीनं त्यांना पाहिलं होतं. हातातलं काम संपवून ती म्हणाली, "बोला काकू."

"ती आहे का?"

"आहे. झोपलीय." आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि तो तिच्या नवऱ्याचा नव्हता. नवरा भट्टीशी दिसत होता.

"माझं चुकलं. टीव्ही तिकडे वळवलेला मी विसरलेच."

"हो ना. होतं असं," बेकरीवाली म्हणाली. आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचा, स्वच्छ, नीटनेटका. "तिनं गाण्यातून नाव काढून घ्यायचं म्हटलंय. कॉलेजातल्या बाईंनी अजून काढलं नाही. बघू."

"ड्रेस मी..."

"नको काकू. राहू दे." मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, आवाज खाली आणून म्हणाली, "माझीच चूक. मीच म्हटलं होतं तिला, काकूंकडे चल, तिथे कुणाला कळत नाही."

काकू घरी आल्या त्या रस्त्याच्या कडेकडेनं. मशीनवर बसल्या, पण पाय हलेना. आजवरची ती अब्रू राखणारी बाई कोण होती, हे त्यांना एकदम दिसलं. कुणी नव्हतीच. रात्रपाळीचा झोपलेला माणूस होता आणि त्याला भ्यालेल्या दोन बायका. भीती गेली, तशी टीव्ही आल्याबरोबर पहिल्या दिवशी काकूंनी आवाज चढवला. मुलाला एकदाच सांगावं लागलं.

बुधवारी दुपारी, बाक रिकामा असताना, मुलगी आली. एकटी. उंबऱ्याच्या आत आली आणि टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "ते अजून आहे का ह्यात?"

"काय गं?"

"माझं."

काकूंना हे सुचलंच नव्हतं. पडद्यावरून गेलं म्हणजे गेलं, असं त्या धरून चालल्या होत्या. "असेल," त्या म्हणाल्या. "मला पुसता येत नाही बाळ."

मुलीनं दार लोटून घेतलं. टीव्ही भिंतीकडे वळवला, आवाज पार शून्यावर आणला आणि भिंत आणि टीव्हीच्या मध्ये शिरून उभी राहिली. "ऐक बाई," ती म्हणाली. गाणाऱ्या मुलीचा आवाज, तापलेला, पण सुरातला. "बेकरीची मुलगी. पुसून टाक."

टीव्हीनं पुसण्याआधी सगळं एकदा दाखवलं आणि खाली विचारलं, नक्की पुसायचं का. काकूंनी मान दुसरीकडे वळवली.

"आता कशाला तोंड फिरवताय?" मुलगी म्हणाली. "त्या दिवशी सांगत होते ना मी."

मग टीव्हीकडे वळून मुलगी "हो" म्हणाली. पडदा रिकामा झाला. ती बाहेर येणार, तोच थांबली.

"हा कुणाच्या फोनला जोडलाय?"

"मुलाच्या. तोच लांबून सगळं बघतो, बिघडलं तर."

"मग त्यांच्या फोनवर पण असेल."

काकूंनी फोन लावला. मुलीपुढे लावणं भागच होतं, आणि स्पीकरवर, कारण मुलीनं तशी खूण केली. मुलगा ऑफिसात होता. काय पुसायचं आणि का, हे काकूंना त्याला सांगावं लागलं. सांगताना त्यांनी दोनदा वाक्य अर्ध्यावर सोडलं. मुलगी समोर उभी राहून वाट बघत होती, म्हणून दोन्हीदा पुरं केलं.

"अगं आई, त्यात काय एवढं," मुलगा हसला. "कोण बघतंय इथे?"

काकूंना आपलाच आवाज ऐकल्यासारखं झालं. मुलीकडे बघायची हिंमत झाली नाही.

"मी सांगते ना," त्या म्हणाल्या. "आधी पूस. मी धरून ठेवते फोन."

"बरं बरं. चिडतेस काय? हं, पुसलं."

"नक्की?"

"नक्की गं."

मुलीनं ओढणीचं टोक नीट केलं. ती जायला निघाली तेव्हा काकूंना राहवलं नाही. "गाणार आहेस ना?"

"बाईंनी नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं."

"आणि घालणार काय?"

"मावशीचा आहे एक. ढगळ आहे. चालेल."

"आण की माझ्याकडे. दार लावून घेऊ, टीव्ही माळ्यावर टाकते. खांद्यातून जरा..."

"नको." तिनं दार उघडलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "कार्यक्रमाला येऊ नका हं काकू. तुम्ही दिसलात तर मला ते आकडे दिसतील."

"नाही येणार," काकू म्हणाल्या.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी होता. कॉलेजनं तो इंटरनेटवरही दाखवायची सोय केली होती. सुनेनं मुद्दाम फोन करून सांगितलं, "आई, टीव्हीला नुसतं सांगा, लागेल. तुमच्या कोपऱ्यावरची मुलगी गाणार आहे ना?" मुलानं घरी गंमत म्हणून सांगितलं असणार. काकू बऱ्याच वेळ टीव्हीसमोर बसल्या. येऊ नका, असं मुलगी म्हणाली होती. बघू नका, असं म्हणाली नव्हती. पण ही पळवाट आहे, एवढं कळायचं वय त्यांचं झालेलं होतं. आपण बघितलं तर तिला कळणार नाही, असं मनात आलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. त्यांनी टीव्ही मागच्या खोलीत नेऊन ठेवला आणि कुणाच्या तरी पँटची चेन बदलायला घेतली.

त्यामुळे ती गायली की नाही, हे काकूंना शनिवारपर्यंत ठाऊक नव्हतं. दुपारी बाक भरला. पोस्टातली आली ती बोलतच आली.

"काय गायली हो ती बेकरीवाल्यांची. मला वाटलं नव्हतं. सुरुवातीला खाली मान घालून उभी होती, लोक चुळबुळायला लागले. पण मग जी गायला लागली ना."

काकूंच्या हातातली कात्री थांबली. "गायली?"

"म्हणजे काय, टाळ्या थांबेनात. पण काकू, ड्रेस कुठून काढला होता तो? गोणपाट नुसतं. सारखा खांद्यावरून उतरायचा, सारखी ओढून घ्यायची बिचारी. अर्धं लक्ष त्यातच. कापड तर तुमच्याकडे आणलं होतं की. तुम्ही नाही शिवला?"

बाकावरच्या चौघींनी काकूंकडे पाहिलं. "वेळ नव्हता" म्हणता आलं असतं. "त्यांनीच कापड परत नेलं" म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. त्या दोन्ही वाक्यांपर्यंत काकू जाऊन आल्या.

"नाही शिवला," त्या म्हणाल्या. "मी तिचं माप भरल्या बाकापुढे वाचून दाखवलं, आणि वर तिच्या आईला म्हटलं, काय झालं एवढं. माझ्याकडे अंगाला टेप लावून घ्यायला ती आता येणार नाही. ड्रेस उतरत होता तो माझ्यामुळे."

पोस्टातलीनं पर्स उघडली, बंद केली. "मी पण त्या दिवशी जरा..." ती म्हणाली आणि थांबली.

"तुम्ही हसलात," काकू म्हणाल्या. "हसायला मी दिलं."

बाकाच्या टोकाला एक नवीन बाई बसली होती, मांडीवर फुलाफुलांचं कापड. तिनं मापाच्या पडद्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग कापडाची घडी पिशवीत सारली आणि म्हणाली, "मी येते पुन्हा कधीतरी."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी तिला थांबवलं नाही.